बाहेरगावी गेलेली बाळं कुणाच्या यादीत?

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,

मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. चौदा वर्षं झाली. बारावीनंतर एएनएमचा कोर्स केला. माझ्याकडे दोन गावं आणि पाच पाडे आहेत. दिवाळी झाली की पाड्यांवरची बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. आमच्या उपकेंद्राची लसीकरणाची टक्केवारी नेहमी ९५ च्या आसपास असते, मीटिंगला कौतुकही होतं. पण मला मनातून माहीत आहे की काही बाळं पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या) दुसऱ्या-तिसऱ्या डोसला दरवर्षी मागे राहतात, आणि ती ऊसतोडीला जाणाऱ्यांचीच असतात. मीटिंगमध्ये हे बोलले तर वरिष्ठ म्हणाले, "सिस्टर, संशोधन आपलं काम नाही. रिपोर्ट वेळेवर द्या." दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजचे विद्यार्थी आले होते. आठ दिवस आमची रजिस्टरं चाळली, आशांना घेऊन घरोघर फिरले. पुढे काय झालं ते आजपर्यंत कळलं नाही. आता नवीन डॉक्टर आलेत. ते म्हणतात, "तुम्हीच अभ्यास करा, मी मदत करतो." माझ्यासारखीला हे जमेल का? सुरुवात कुठून करू? माझ्या आशा आधीच कामाने वाकल्यात, त्यांना यात कसं घेऊ?

— एक आरोग्यसेविका, जळगाव जिल्हा

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रातल्या "मला मनातून माहीत आहे" या शब्दांशी मी बराच वेळ थांबले. चौदा वर्षं त्याच पाड्यांवर चालत गेलेल्या बाईला जे मनातून माहीत असतं, ते शहरात बसून कुणाला सुचत नाही. ते आता मोजून माहीत करून घ्यायचं, एवढंच काम पुढे आहे. जमेल का विचारता, तर हो, जमेल. मोजायला लागणारी वही तुमच्या टेबलावर आधीपासून आहे.

तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते मी स्पष्टच सांगते. आपल्याच राज्यात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या मृत्यूवर जे काम केलं, ते कुणाच्या हातांनी झालं? गावातल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांच्या. ३९ गावांत त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, श्वास मोजत आणि लिहून ठेवत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना झाली. तिसऱ्या वर्षी या गावांतलं नवजात मृत्यूचं प्रमाण त्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आलेलं दिसलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशा नवजात बाळाच्या घरी भेटी द्यायला लागल्या. तुमच्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी ज्या घरी जातात, त्या भेटीमागे त्या गावच्या बायकांनी लिहिलेले आकडे आहेत. संशोधन आपलं काम नाही, असं आरोग्यसेविकेला सांगताना हे आठवायला हवं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला ९५ टक्क्यांमध्ये दिसतो.

टक्केवारी म्हणजे अंश आणि छेद. अंशावर आपण जीव तोडून काम करतो. किती बाळांना डोस दिला, ते रोज तपासतो. छेदाकडे, म्हणजे एकूण किती बाळांपैकी, याकडे कुणी बघत नाही. समजा, तुमच्या क्षेत्रात एका वर्षात ८० बाळं जन्मली. त्यातल्या २० बाळांची घरं दिवाळीनंतर गेली आणि ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायच्या बाळांच्या यादीत, त्यांच्यापुढे 'बाहेरगावी' असा शेरा पडला. पुढच्या महिन्याची यादी नव्याने लिहिताना ती नावं हळूच गळाली. उरली ६०. त्यातल्या ५७ बाळांना पेंटाचा तिसरा डोस मिळाला, म्हणजे ९५ टक्के. हा आकडा खोटा नाही, तुम्ही काहीही लपवलेलं नाही. पण गेलेल्या २० पैकी, धरून चालू, ८ बाळांचेच तिन्ही डोस झाले होते. मग ८० पैकी ६५, म्हणजे ८१ टक्के. आणि जाणाऱ्या घरांचं वेगळं काढलं तर ४० टक्के. एकाच वहीतून तीन आकडे निघाले आणि मीटिंगमध्ये त्यातला एकच वाचला गेला.

म्हणून पहिलं काम छेद दुरुस्त करण्याचं. लसीकरणाच्या यादीपासून सुरुवात करू नका, कारण जे बाळ सत्राला एकदाही आलं नाही ते त्या यादीत असणार नाही. मागे जा. गरोदर मातांची नोंदणी काढा. तिथे नाव आहे आणि पुढे बाळंतपणाची नोंदच नाही, अशा बायका शोधा. त्यातली एखादी सातव्या महिन्यात तोडीला गेली असेल, उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत किंवा तिकडच्या दवाखान्यात बाळंत झाली असेल, आणि ते बाळ तुमच्या एकाही रजिस्टरात आलं नसेल. मग आशांच्या घरयाद्या त्याच्याशी ताडून बघा. आणि एखादं बाळ तिकडेच दगावलं असेल तर त्याचीही ओळ लिहा. आई सांगेल तेवढंच लिहा, पण ओळ सोडू नका. लसीच्या टक्केवारीत ते बाळ धरायचं की नाही, हे नंतर ठरवता येईल. यादीत मात्र ते असलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट शब्द पक्के करण्याची. 'स्थलांतरित' कुणाला म्हणायचं? बाप एकटा गेला आणि आई बाळासह पाड्यावरच राहिली, तर ते घर धरायचं का? माझ्या मते तुमच्या प्रश्नासाठी नाही धरायचं. आई आणि बाळ दोघंही दिवाळी ते होळी या काळात सलग तीस दिवस गावाबाहेर असतील तर स्थलांतरित, असं काहीतरी ठरवा. तसंच 'मागे राहिलं' म्हणजे काय? तिसरा डोस १४ आठवड्यांना. त्यानंतर चार आठवड्यांत मिळाला तर वेळेवर धरू, वर्ष पूर्ण होईपर्यंत मिळाला तर उशिरा, नाहीच मिळाला तर राहिला. व्याख्या कोणतीही असो, मोजायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग बदलू नका. आकडे बघून व्याख्या बदलायचा मोह भल्याभल्यांना होतो.

तिसरी गोष्ट जरा बारकाईची आहे. तुम्ही म्हणता, मागे राहणारी बाळं ऊसतोडीवाल्यांचीच. कदाचित खरं असेल. पण ऊसतोडीला जाणारी घरं बहुतेक पाड्यांवरचीच असतात, आणि पाडा उपकेंद्रापासून लांब असतो, मध्ये नाला असतो, सत्राचा निरोप उशिरा पोचतो. मग बाळ ऊसतोडीमुळे मागे राहिलं की पाड्यामुळे? हे सोडवायला गावातल्या बाळांशी तुलना करून चालणार नाही. त्याच पाड्यावर जी घरं तोडीला गेली नाहीत, त्यांच्या बाळांशी करा. दोन्हींची गत सारखीच निघाली तर दोष ऊसतोडीचा नाही, आपल्या सत्राच्या जागेचा किंवा वेळेचा आहे, आणि तो आपल्याच हातात आहे. स्वतःला पटलेली गोष्ट चुकीची ठरू शकेल अशी संधी तिला द्यायची, ही सवय मला आयुष्यात उशिरा लागली. तुम्हाला ती पहिल्याच अभ्यासात लागावी.

मी कसं चुकले, तेही सांगते. यावल तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर नवी होते तेव्हा कुपोषणाचा अभ्यास करायचं ठरवलं. साठ-बासष्ट प्रश्नांचा फॉर्म केला. घरात किती माणसं, महिन्याचं उत्पन्न, कोरडवाहू की बागायती, दिवसातून किती वेळा खाता, सगळं. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी थकून आलेल्या. मी प्रश्न विचारतेय, त्या चूल पेटवता पेटवता "बरं शे, बाई" एवढंच म्हणताहेत. उत्पन्नाचा आकडा तर त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितला, हे मला तेव्हाही कळत होतं. दोनशेच्या वर फॉर्म भरले. त्यांची बेरीज कधी झाली नाही, कारण बेरजेतून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते मी ठरवलंच नव्हतं. बदली झाली तेव्हा तो गठ्ठा कपाटात राहिला. पुढे कित्येक वर्षांनी त्या भागातल्या आठवडी बाजारात एका म्हातारीने मला ओळखलं आणि विचारलं, "बाई, ते लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांनी केलं तेच मी केलं होतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, प्रश्न एकच ठेवा आणि तो एका ओळीत मावला पाहिजे.

आता विचारायचं कसं? तुम्ही लस देणारी बाई आहात. तुम्ही दारात जाऊन "डोसला का आला नाहीत?" म्हणालात, तर आईला आधी बोलणी ऐकू येतात. ती म्हणेल बाळाला ताप होता, किंवा म्हणेल आलो होतो. त्यापेक्षा माता-बाल संरक्षण कार्ड बघायला मागा, तारखा कार्डावरून उतरवा आणि कार्ड हरवलं असेल तर 'कार्ड नाही' असंच लिहा, अंदाजाने तारीख भरू नका. मग तिला बोलतं करा. "तोडीला कधी निघालात? मुकादमाने किती दिवस आधी सांगितलं? तिथे जवळ दवाखाना होता का? दिवसाची हजेरी बुडाली तर काय होतं?" यातला मुकादमाचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. उचल घेतलेल्या घराला निघायची तारीख आठवडाभर आधी कळत असेल, तर तो आठवडा तुमच्या कामाचा आहे.

पावरी किंवा भिल्ली बोलणारी आशा सोबत असेल तर बोलणं तिलाच करू द्या, तुम्ही लिहून घ्या. आणखी चांगलं म्हणजे दोन गावांच्या आशांची अदलाबदल करा. आपल्याच आशासमोर आई खरं सांगायला कचरते, तिला वाईट वाटेल म्हणून. वेळ म्हणाल तर होळीच्या आधीचा आठवडा. भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे आदिवासी बाजार भरतात, माणसं परत आलेली असतात, हातात थोडे पैसे असतात, मन मोकळं असतं. बाजारात मात्र विचारू नका. तो दिवस त्यांच्या आनंदाचा आहे. पुढे पाड्यावर जा.

परवानगीचा मुद्दा टाळू नका. आपल्या उपकेंद्राचं काम सुधारण्यासाठी आपलीच रजिस्टरं तपासणं आपल्या कामात बसतं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवून ते सुरू करा. पण घरी जाऊन मुलाखती घ्यायच्या असतील, किंवा पुढेमागे हे कुठे मांडायचं, छापायचं मनात असेल, तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात. माहिती गोळा झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही. अशा समित्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा, तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात, म्हणजे आपण ज्याला पीएसएम म्हणतो त्या सार्वजनिक आरोग्याच्या विभागात, एक चक्कर मारून या. एखाद्या शिक्षकाला सोबत घ्या.

आणि आईची संमती खरी असू द्या. जिच्या बाळाला तुम्ही लस देता, ती तुम्हाला 'नाही' म्हणू शकेल का? हा प्रश्न स्वतःला विचारा. तिला तिच्या भाषेत सांगा की नाही म्हणालीस तरी लस, गोळ्या, सगळं तसंच मिळेल. वहीत नावाऐवजी क्रमांक टाका, क्रमांक आणि नावाची जोडयादी वेगळी, कुलपात. रजिस्टरचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायची आपल्याकडे सवय पडली आहे, या कामापुरती तरी ती बंद करा.

आशांबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंत, ते मला फार भावलं. त्यांना नवा फॉर्म देऊ नका. त्यांच्या डायरीत घर आहे, तारीख आहे, तेच वापरा. महिन्याच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं ठेवा. दर वेळी एका आशाने एका बाळाची हकीकत सांगायची, नाव न घेता. ते कधी गेलं, कुठला डोस राहिला, काय करता आलं असतं. बाकीच्यांनी विचारायचं, "हे तुला कसं कळलं? कार्ड पाहिलंस की आईने सांगितलं?" चार-पाच बैठकांत तुम्हाला फरक दिसेल. कुणीतरी म्हणेल, "सिस्टर, माझ्या पाड्यावर वेगळंच दिसतंय." त्या दिवशी तिला फळ्यापाशी उभी करा आणि टक्केवारी तिलाच काढू द्या. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पडद्यावर व्याख्या दाखवून ही समज येत नाही. स्वतःच्या पाड्याचा आकडा स्वतः भागून पाहिला की येते. त्यांचा जास्तीचा दिवस जाणार असेल तर त्याच्या मोबदल्याचं आधी बोला. फुकट राबवून घेतलेली माहिती मला तरी नको वाटते.

तुम्हाला स्वतःला पुढे शिकायचं असेल तर चेन्नईची आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आरोग्य संशोधनाचे प्राथमिक कोर्स ऑनलाइन चालवते. ते इंग्रजीत आहेत, म्हणून डॉक्टर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासोबत बसून बघा, आठवड्याला एक तास. पण कोर्स संपेपर्यंत काम थांबवू नका.

यापुढे कुणी विद्यार्थी आले तर दार बंद करू नका, पण रजिस्टर उघडण्याआधी विचारा. प्रश्न काय आहे, मंजुरी कुठे आहे, आणि निकाल आम्हाला सांगायला कधी येणार? तारीख लिहून घ्या. प्रश्न तुमचा असेल, मांडणीत आणि माहिती गोळा करण्यात तुमचा वाटा असेल, मसुदा तुम्ही वाचून दुरुस्त केला असेल आणि त्यातल्या मजकुराची जबाबदारी घ्यायला तयार असाल, तर लेखात तुमचं नाव लेखक म्हणून येणं हा तुमचा हक्क आहे. नुसती वही दिली तर आभारात नाव येतं. दोन्हींतला फरक आधीच बोलून घ्यावा.

शेवटी एक अवघड गोष्ट. तुमचा आकडा ९५ वरून खाली येईल, आणि ते कुणाला आवडणार नाही. म्हणून तो आकडा मीटिंगमध्ये अचानक काढू नका. डॉक्टरांना घेऊन आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. टक्क्यांसोबत बाळांची संख्याही सांगा, कारण २० बाळांत एक बाळ म्हणजे ५ टक्के. तेवढ्यावर जिल्ह्याबद्दल काही बोलता येत नाही. शेजारची दोन-तीन उपकेंद्रं हेच मोजायला तयार झाली तर बोलणं जड होईल. आणि जाताना हातात उपाय न्या. निघायच्या आठवड्यात पाड्यावर जादा सत्र, ज्या बाळांना आधीच्या डोसपासून चार आठवडे झालेत त्यांना तिथेच पुढचा डोस. प्रत्येक आईजवळ कार्ड आहे ना, यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या देशभरातल्या ऑनलाइन नोंदीत, नाव आहे ना, हे त्याच दिवशी बघायचं, म्हणजे गुजरातेतल्या सिस्टरलाही पुढचा डोस देता येईल. होळीला परतल्यावर राहिलेल्यांसाठी दुसरं सत्र. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच व्याख्येने मोजा.

आणि पाड्यांवर परत जा. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत, किंवा सरळ एखाद्या अंगणात बसून, "तुम्ही सांगितलंत त्यातून आम्हाला हे कळलं" असं त्या बायांना सांगा. त्या दुरुस्त्या सुचवतील, त्याही लिहून घ्या.

ड्यू लिस्टच्या मागचं कोरं पान आजच घ्या. वर तारीख टाका, खाली तुमचा एका ओळीतला प्रश्न, आणि गेल्या दिवाळीनंतर निघालेल्या पहिल्या घराचा क्रमांक. मला पुढचं पत्र लिहाल तेव्हा मोठं लिहायची गरज नाही. अंश आणि छेद, दोनच आकडे पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
मॅडम